सामूहिक आकाशदर्शन आणि मोठे प्रणमनी दूरदर्शक

अनेकांनी एकत्र जमून, जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली, एकाच दूरदर्शकातून आळीपाळीने आकाशस्थ वस्तू पाहणे यास सामूहिक आकाशदर्शन म्हणतात. ज्या दूरदर्शकात प्रकाश एकत्रित करण्याचे काम आरशाऐवजी भिंग करते तो प्रणमनी (प्रकाशकिरणांच्या वक्रीभवनावर आधारलेला) दूरदर्शक होय. लहान दूरदर्शक सहलीबरोबर नेता येतो. मोठा प्रणमनी दूरदर्शक एका जागी कायमचा उभा असतो व सहलच त्याच्याकडे न्यावी लागते. त्यामुळे अशा दूरदर्शकाच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार उपस्थित झालेला दिसतो. स्वच्छ आकाशाच्या रात्री मोजक्याच असतात आणि नेत्रिकेशी एका वेळी एकच डोळा लागतो. तो डोळा संशोधकाचा असावा की ज्याच्या वर्गणीतून वा करातून दूरदर्शक उभा राहिला त्या सामान्य माणसाचा, हा तो प्रश्न होय. एकोणिसाव्या शतकात त्याची निरनिराळी उत्तरे देण्यात आली. त्यांपैकी बर्लिनजवळच्या ट्रेप्टो येथील उत्तर सर्वांत धाडसी होते.

प्रणमनी दूरदर्शकाच्या पुढील टोकास वस्तुभिंग व डोळ्याकडील टोकास नेत्रिका असते. वस्तुभिंगाने तयार केलेली प्रतिमा नेत्रिकेतून मोठी करून पाहतात. एकाच काचेचे भिंग निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरांवर एकत्र आणते व त्यामुळे प्रतिमेभोवती रंगीत कडा दिसतात. या दोषास वर्णविपथन म्हणतात. दोन प्रकारच्या काचांची भिंगे जोडून तो बराच कमी करता येतो. योझेफ फ्राउनहोफर (१७८७–१८२६) यांनी काच ओतण्याच्या व भिंग घासण्याच्या कामास शास्त्रीय शिस्त लावली आणि त्यानंतर मोठी, निर्दोष भिंगे तयार होऊ लागली. तरीही दोष पूर्णपणे जात नाही. गुरू किंवा चंद्राच्या तेजस्वी कडेला फिकट जांभळी झाक राहतेच. ती कमी करण्यासाठी भिंगाचे केंद्रांतर व्यासाच्या मानाने पुष्कळ मोठे ठेवतात आणि म्हणून नळी लांबलचक होते. व्यासाच्या पंधरापट केंद्रांतर घेतल्यास केवळ १५ सेंमी. व्यासाच्या भिंगालाही सव्वादोन मीटर लांबीची नळी लागते. नळी लांब असली की बैठक भारी हवी, खांब उंच हवा आणि त्यावर घुमटही तेवढाच मोठा हवा.

या अडचणींच्या मोबदल्यात मिळणारे गुण सामूहिक आकाशदर्शनाला विशेष सोयीचे आहेत. नळी दोन्ही टोकांना बंद असल्यामुळे आतील हवा फारशी ढवळत नाही व प्रतिमा स्थिर राहते. मार्गात दुसऱ्या आरशाचा अडथळा नसल्यामुळे चंद्रावरील विवरांच्या कडा, शनीच्या कड्यांमधील काळी फट, गुरूवरील पट्टे यांसारखे बारकावे ठळक दिसतात. भिंग एकदा नीट बसविले की ते वर्षानुवर्षे तसेच राहते, त्याला आरशाप्रमाणे पुन्हा मुलामा द्यावा लागत नाही. ज्या साधनाजवळून एका हंगामात हजारो नवशिके लोक जाणार, त्याच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही.

सामान्य माणसांच्या वर्गणीतून मोठा दूरदर्शक उभारण्याचे ठळक आरंभीचे उदाहरण अमेरिकेतील सिनसिनॅटी या शहरात आढळते. तेथील प्राध्यापक ऑर्म्सबी मिचेल यांनी १८४२ मध्ये ज्योतिषशास्त्रावर जाहीर व्याख्याने दिली व श्रोत्यांच्या उत्साहाचा लाभ घेऊन एक संस्था काढली. प्रत्येकी २५ डॉलरचा एक याप्रमाणे ३०० भाग विकण्याची योजना होती. भागधारकाला दूरदर्शकातून पाहण्याचा हक्क मिळणार होता. काहींनी रोख रकमेऐवजी अंगमेहनत वा बांधकामाचे साहित्य दिले. मिचेल यांनी युरोपात जाऊन म्यूनिक येथील मर्ट्‌स व माहलर यांच्या कारखान्यातील सु. २८ सेंमी. व्यासाचे वस्तुभिंग पसंत केले. त्याची किंमत भागांच्या रकमेहून अधिक होती, तरी तो सौदा झाला. ९ नोव्हेंबर १८४३ रोजी वेधशाळेची कोनशिला बसविण्यासाठी माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स वयाच्या ७६ व्या वर्षी तेथपर्यंत प्रवास करून आले. राष्ट्राध्यक्ष असताना, १८२५ मध्ये, त्यांनी राष्ट्रीय वेधशाळेची कल्पना मांडली होती व तिची टिंगल झाली होती. सरकारने जे केले नाही ते एका व्यापारी शहरातील नागरिकांनी केले, याचे त्यांना अप्रूप वाटले असल्यास नवल नाही.

१८४५ मध्ये दूरदर्शक सुरू झाला आणि हक्काची किंमतही लगेच कळून आली. मिचेल यांनी दहा वर्षे विनावेतन संचालकपद सांभाळण्याचे कबूल केले होते. ज्या महाविद्यालयात ते शिकवीत होते ते त्याच वर्षी आगीत भस्मसात झाले व त्यांना उदरनिर्वाहासाठी गावोगाव व्याख्याने द्यावी लागली. उरलेल्या वेळात भागधारकांना चंद्र व ग्रह दाखवायचे आणि त्यातूनही वेळ सापडेल तेव्हा युग्मताऱ्यांचे वेध घ्यायचे, असा त्यांचा क्रम होता. वर्गणीदारांचा हक्क खरा होता व संशोधकाची गरजही खरी होती. त्या दोहोंना पुरतील इतक्या स्वच्छ रात्री तेवढ्या नव्हत्या. पुढे शहराच्या धुरामुळे १८७३ मध्ये वेधशाळा गावाबाहेरच्या टेकडीवर हलविण्यात आली. १८४५ चा तो दूरदर्शक मात्र टिकून राहिला व आजही लोकांना त्यातून आकाश दाखविण्यात येते.

यूरोपात या प्रश्नाचा विचार वेगळ्या रीतीने झाला. बर्लिनची नवी वेधशाळा १८३५ मध्ये सुरू झाली. आलेक्सांडर फोन हंबोल्ट (१७६९–१८५९) यांनी राजाकडून तिच्यासाठी पैसा मिळविला, परंतु ठराविक रात्री ती लोकांना खुली असावी अशी अट त्याबरोबर आली. तेथील फ्राउनहोफर बनावटीच्या सु. २४ सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकातूनच योहान गाले यांनी २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री नेपच्यून शोधून काढला. एकच साधन नव्या ग्रहाच्या शोधाला आणि नागरिकांच्या कुतूहलालाही उपयोगी पडू शकते, याचा हा चांगला दाखला आहे. तथापि लोकांसाठी राखलेल्या रात्री हा वेधशाळेच्या कामाचा केवळ एक लहानसा भाग होता. १८८८ मध्ये बर्लिनमध्येच ‘उरानिया’ या संस्थेची स्थापना झाली, तेव्हा हा क्रम उलटा करण्यात आला. लोकशिक्षण हेच तिचे मुख्य काम ठरले. तिच्या वेधशाळेत ३१·४ सेंमी. व्यासाचा, बांबेर्ख यांनी बनविलेला प्रणमनी दूरदर्शक बसविण्यात आला. संशोधन तेथे दुय्यम असले, तरी ते अजिबात नव्हते असे नाही. पृथ्वीच्या जवळून जाणारा एरॉस हा लघुग्रह गुस्टाफ व्हिट यांनी १८९८ मध्ये तेथेच शोधला.

याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याहून कितीतरी मोठे साधन उभे राहिले. कॅलिफोर्नियातील धनिक जेम्स लिक (१७९६–१८७६) यांनी जगातील सर्वांत शक्तिशाली दूरदर्शकासाठी ७ लाख डॉलर ठेवले. ते स्वतः सुतारकाम शिकलेले, पियानो बनवून पैसा मिळविलेले व जमिनींच्या व्यवहारात श्रीमंत झालेले गृहस्थ होते. अल्व्हन क्लार्क यांच्या कारखान्यातून ९१ सेंमी. व्यासाचे भिंग आले. सॅन होझे गावापासून माउंट हॅमिल्टनच्या शिखरापर्यंत, घोडागाड्यांना चढता येईल अशा बेताच्या चढणीचा वळणावळणांचा रस्ता त्याआधीच बांधण्यात आला होता. दूरदर्शक १८८८ मध्ये कार्यान्वित झाला. ज्या खांबावर तो उभा आहे त्याच्या तळाशी लिक यांचा देह पुरलेला आहे.

लिक वेधशाळेचे पहिले संचालक एडवर्ड होल्डन यांनी शनिवारची रात्र लोकांसाठी राखून ठेवली. घोडागाड्या भरभरून माणसे डोंगर चढू लागली. मोठ्या दूरदर्शकाकडे सहल नेण्याची पद्धत रूढ झाली ती प्रामुख्याने अशा रात्रींमुळे. घुमटातील एक सोय या गर्दीच्या फार उपयोगी पडली. १७·६ मी. केंद्रांतराच्या नळीचे खालचे टोक, ती ज्या दिशेला रोखली असेल त्याप्रमाणे कधी जमिनीलगत तर कधी पुष्कळ उंच जाते. शिडीवर चढून अंधारात नेत्रिकेला डोळा लावणे हे सरावलेल्या निरीक्षकालाही त्रासाचे असते, वृद्धांना व मुलांना तर ते धोक्याचेच. आयर्लंडमधील यंत्रनिर्माते हॉवर्ड ग्रब यांच्या सूचनेनुसार येथे घुमटाची सबंध जमीनच पाण्याच्या दाबाने सु. ५ मी. वरखाली होईल अशी करण्यात आली.

एक रात्र लोकांना देणे म्हणजे काय, हे त्या काळचे वेधशाळेचे वेळापत्रक पाहिले की ध्यानात येते. एडवर्ड एमर्सन बार्नार्ड यांच्यासारख्या तीक्ष्ण दृष्टीच्या निरीक्षकास मोठा दूरदर्शक वापरण्यास पहिली काही वर्षे मिळाला नाही. १८९२ च्या उन्हाळ्यात त्यांना आठवड्यातून एक रात्र, शुक्रवारची, देण्यात आली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरच्या शुक्रवारी त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधला. गॅलिलिओंनंतर गुरूचा नवा उपग्रह सापडला तो २८२ वर्षांनी. हा इतिहास सांगताना संशोधकांचा वेळ लोकांनी खाल्ला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु बार्नार्ड यांची अडचण लोकांच्या शनिवारमुळे नव्हती, ती वेधशाळेतील अंतर्गत वाटपामुळे होती. लोकांची एक रात्र आणि त्या शोधाची एक रात्र, दोन्ही एकाच आठवड्यात बसत होत्या.

ट्रेप्टो येथील दूरदर्शकाची कथा या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. फ्रीड्रिख झिमोन आर्खेनहोल्ड (१८६१–१९३९) हे वेस्टफेलियातील ज्यू कुटुंबात जन्मलेले तरुण ज्योतिर्विद. बर्लिनमध्ये १८९६ साली भरणाऱ्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनासाठी त्यांनी एक प्रचंड प्रणमनी दूरदर्शक सुचविला. वस्तुभिंग ६८ सेंमी. व्यासाचे असून ते म्यूनिकच्या श्टाइनहाइल यांच्याकडे घासण्यात आले. यांत्रिक भाग बर्लिनच्या होप यांच्या कारखान्यात तयार झाला. व्यासाच्या दृष्टीने हे भिंग लिकच्या भिंगापेक्षा लहान होते, पण केंद्रांतर २१ मी. ठेवण्यात आले. हलविता येणाऱ्या प्रणमनी दूरदर्शकांत हा जगातील सर्वांत लांब ठरला. तोफेसारख्या दिसणाऱ्या या नळीला बर्लिनकरांनी ‘आकाशतोफ’ असे नाव दिले.

एवढ्या लांब नळीवर घुमट बांधावयाचा, तर तो एखाद्या प्रार्थनामंदिराच्या घुमटापेक्षाही मोठा झाला असता. आर्खेनहोल्ड यांनी घुमटच टाळला. नळी उघड्यावर उभी राहते व काम नसताना ती आडवी करून ठेवतात. बैठकीची रचना त्याहून कल्पक आहे. दूरदर्शक ज्या दोन अक्षांभोवती फिरतो त्यांच्या छेदनबिंदूपाशीच नेत्रिका येते, त्यामुळे नळी कोणत्याही दिशेला वळविली तरी डोळा लावण्याची जागा जवळजवळ तीच राहते. एका टोकाला धरलेली एवढी लांब नळी तोलण्यासाठी अवजड प्रतिभार लावावे लागले व हलणाऱ्या भागांचे एकूण वजन सु. १३० टन झाले. केवळ वेध घेण्यासाठी साधन बनवायचे असते, तर कोणी एवढे वजन पत्करले नसते. प्रेक्षकाने शिडी चढू नये व रांग एका जागी उभी राहावी, एवढ्यासाठी ते पत्करण्यात आले. सामूहिक आकाशदर्शनाचा हेतू यंत्राच्या सांगाड्यातच उतरल्याचे असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रदर्शन मे १८९६ मध्ये उघडले, पण दूरदर्शक पुरा होण्यास एवढा विलंब लागला की प्रदर्शन संपण्यास थोडे दिवस उरले असता लोकांना त्यातून पाहता आले. तिकिटांच्या उत्पन्नातून खर्च भागेल ही अपेक्षा फोल ठरली. करारानुसार प्रदर्शनानंतर सर्व काही मोडून जागा मोकळी करावयाची होती. तथापि दूरदर्शक उतरवून नेण्यासही पैसा नव्हता, आणि या दारिद्र्यामुळेच तो वाचला. आर्खेनहोल्ड यांनी त्याभोवतीच्या लाकडी इमारतीतच लोकवेधशाळा चालू ठेवली. व्याख्याने, चित्रदर्शन व रात्रीचे आकाशदर्शन यांच्या तिकिटांवर ती जगली. १९०० मध्ये त्यांनी ‘दास वेल्टआल’ (विश्व) हे सचित्र नियतकालिक सुरू केले. १९०९ मध्ये लाकडी इमारतीच्या जागी पक्की इमारत उभी राहिली. २ जून १९१५ रोजी अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी तेथील सभागृहात सापेक्षतेवर जाहीर व्याख्यान दिले.

दूरदर्शकातून प्रत्यक्षात काय दिसे, याचा हिशेब मांडणे उद्‌बोधक आहे. ६८ सेंमी. व्यासाचे भिंग अंधाराला सरावलेल्या उघड्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सु. ९,४०० पट प्रकाश गोळा करते. त्याने केंद्रस्थानी केलेली चंद्राची प्रतिमाच सु. १९ सेंमी. व्यासाची, म्हणजे लहान ताटलीएवढी असते. ५ सेंमी. केंद्रांतराची नेत्रिका लावल्यास विवर्धन ४२० पट होते. गुरू तेव्हा साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या सु. दहापट रुंद भासतो. परंतु याच कारणाने दृष्टिक्षेत्र अगदी अरुंद होते. नेत्रिकेत एका वेळी चंद्राच्या व्यासाच्या जेमतेम चतुर्थांशाएवढा तुकडा मावतो. कृत्तिकेसारखा पसरट तारकागुच्छ किंवा देवयानीतील दीर्घिका अशा वस्तू या दूरदर्शकातून दाखविण्यात अर्थ नाही. त्यांसाठी साधी द्विनेत्री अधिक चांगली. चंद्र, ग्रह आणि युग्मतारे हेच मोठ्या प्रणमनी दूरदर्शकाचे खरे क्षेत्र होय.

या आकड्यांवरून समूहाच्या व्यवस्थेचे नियमही निघतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे, दूरदर्शक स्थिर ठेवल्यास एखादी वस्तू अशा अरुंद क्षेत्रातून अर्ध्या मिनिटाच्या आसपास निघून जाते. तेव्हा आकाशाच्या गतीने नळी फिरविणारी घड्याळयंत्रणा हवीच. साठ जणांच्या तुकडीस प्रत्येकी एक मिनिट दिल्यास एक तास लागतो व तेवढ्यात आकाश १५ अंश सरकलेले असते. म्हणून तासाभरानंतरही पुरेशी उंच राहील अशीच वस्तू निवडावी लागते. क्षितिजाजवळच्या वस्तूचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो व प्रतिमा उकळत्या पाण्यातल्यासारखी थरथरते. पाहणाऱ्याने नेत्रिकेला वा नळीला हात लावू नये, चष्म्याच्या नंबराप्रमाणे प्रतिमा स्पष्ट करून घ्यावी आणि पहिल्या क्षणी काही दिसले नाही तरी घाई करू नये, हे मार्गदर्शकाला दर वेळी नव्याने सांगावे लागते. मिनिटभराच्या अवधीत हवा एखाद-दुसऱ्या क्षणीच शांत होते व तेवढ्याच क्षणी बारकावे उमटतात. जो लगेच डोळा काढतो त्याच्या वाट्याला तो क्षण येत नाही. छायाचित्रांतील रंगीत, भलेमोठे ग्रह पाहून आलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया पुष्कळदा निराशेची असते. ती मार्गदर्शकाने खोट्या वर्णनाने झाकू नये. शनीचे कडे छायाचित्रापेक्षा लहान व फिकट दिसते, मात्र ते त्या क्षणी तेथे असते. बहुतेक जण रांगेतून दुसऱ्यांदा येतात ते याच कारणाने.

पॅरिसच्या १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनातील दूरदर्शकाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. १·२५ मी. व्यासाचे, म्हणजे आजवर प्रणमनी दूरदर्शकासाठी घासलेले सर्वांत मोठे भिंग तेथे ५७ मी. केंद्रांतराच्या आडव्या, अचल नळीत बसविले होते व समोरचा २ मी. व्यासाचा सपाट फिरता आरसा ताऱ्यांचा प्रकाश नळीत टाकीत असे. आकाराने तो ट्रेप्टोच्या दूरदर्शकास कितीतरी मागे टाकणारा होता. प्रदर्शन संपल्यावर त्याची मालक कंपनी दिवाळखोर झाली, १९०९ च्या लिलावात कोणी घेणारा भेटला नाही व दूरदर्शक मोडीत निघाला. बर्लिनप्रमाणे पॅरिसच्या दूरदर्शकामागेही प्रदर्शनाचाच भपका होता. ट्रेप्टोला प्रदर्शनानंतरही तेथे रोज रात्री उभा राहणारा माणूस होता, एवढाच काय तो फरक.

त्या माणसाच्या कुटुंबाचे पुढे जे झाले ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. आर्खेनहोल्ड १९३१ मध्ये निवृत्त झाले व पुत्र ग्युंटर यांनी काम हाती घेतले. नाझी राजवटीने १९३६ मध्ये त्यांना पदावरून दूर केले. ते देश सोडून इंग्लंडला गेले. वडील १९३९ मध्ये बर्लिनमध्ये मरण पावले. त्यांची पत्नी ॲलिस व कन्या हिल्डे यांना टेरेझिएनश्टाट येथील छळछावणीत नेण्यात आले व तेथेच त्यांचा अंत झाला. चाळीस वर्षे सर्वांना मुक्तद्वार असलेल्या वेधशाळेतून तिच्या निर्मात्याचेच घराणे हद्दपार झाले. युद्धानंतर, १९४६ मध्ये, दूरदर्शकाच्या पन्नासाव्या वर्षी वेधशाळेला आर्खेनहोल्ड यांचे नाव देण्यात आले.

ट्रेप्टो हा भाग पूर्व बर्लिनमध्ये गेला. पूर्व जर्मनीत १९५९ मध्ये ज्योतिषशास्त्र हा दहावीच्या वर्गासाठी सक्तीचा विषय झाला व शाळांच्या तुकड्या वेधशाळेत येऊ लागल्या. दुर्दैवाने त्याआधीच, १९५८ मध्ये, झिजलेला मोठा दूरदर्शक बंद ठेवावा लागला होता. मुले तो पाहत, पण त्यातून पाहत नसत. १९६७ मध्ये त्याला तांत्रिक स्मारक म्हणून संरक्षण मिळाले आणि दुरुस्तीनंतर १९८३ मध्ये तो पुन्हा आकाशाकडे वळला.

संशोधनाच्या क्षेत्रात मोठ्या प्रणमनी दूरदर्शकांचा काळ त्यापूर्वीच संपला होता. भिंगाला फक्त कडेनेच आधार देता येतो व ते मोठे होत गेले की स्वतःच्या वजनाने वाकते. शिवाय जाड काच प्रकाश शोषून घेते. १८९७ मध्ये अमेरिकेतील यर्कीझ वेधशाळेत बसविलेले १०२ सेंमी. व्यासाचे भिंग ही व्यवहारातील शेवटची मर्यादा ठरली. आरशाला पाठीमागून सर्वत्र आधार देता येत असल्यामुळे पुढील मोठे दूरदर्शक परावर्तक झाले, आणि त्यांत डोळ्याची जागा छायाचित्रणाच्या काचांनी व कालांतराने इलेक्ट्रॉनीय साधनांनी घेतली. नेत्रिका लावून पाहता येतील असे जे मोठे दूरदर्शक मागे राहिले ते प्रामुख्याने जुने प्रणमनी दूरदर्शकच होत. संशोधकाचा डोळा बाजूला झाला, तेव्हा ते आपोआप लोकांच्या वाट्याला आले. लॉस अँजेल्स येथील ग्रिफिथ वेधशाळेत १९३५ पासून ३० सेंमी. व्यासाचा त्साइस बनावटीचा प्रणमनी दूरदर्शक लोकांसाठी विनामूल्य खुला आहे. त्यातून आजवर ७० लाखांहून अधिक लोकांनी आकाश पाहिले आहे. यर्कीझ वेधशाळेतील काम शिकागो विद्यापीठाने २०१८ मध्ये थांबविले. त्यानंतर ती एका लोकन्यासाकडे गेली व २०२२ मध्ये अभ्यागतांसाठी पुन्हा उघडली. बांबेर्ख यांचा उरानियातील दूरदर्शक युद्धातून वाचून बर्लिनमधील दुसऱ्या लोकवेधशाळेत रुजू झाला.

दूरदर्शकच लोकांकडे नेण्याच्या पद्धतीने मात्र दुसरी वाट धरली. सॅन फ्रान्सिस्को येथे जॉन डॉब्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून घरी बनविलेले स्वस्त परावर्तक दूरदर्शक पदपथांवर उभे करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखविले. लाकडी पेटीत बसविलेला असा दूरदर्शक मोटारीच्या टपावरून नेता येतो. प्रणमनी दूरदर्शकास ही वाट बंद होती. महाराष्ट्रातील हौशी निरीक्षकांच्या चळवळीस तर मोठ्या भिंगाचा वारसा लाभलाच नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचा ग्रब यांनी बनविलेला ५१ सेंमी. व्यासाचा दूरदर्शक परावर्तक होता, आणि कावसजी दादाभाई नेगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद होऊन तोही कोडईकानलला गेला. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, तसेच हॅलीच्या धूमकेतूच्या १९८५–८६ मधील आगमनाच्या सुमारास मुंबईत सुरू झालेले व वांगणीसारख्या गावी रात्रभराचे कार्यक्रम घेणारे खगोल मंडळ यांनी सहलीबरोबर नेता येतील अशा साधनांवर भर दिला. पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असणाऱ्या प्रदेशात हे व्यवहार्यही होते.

शहरांतील दिव्यांच्या झगमगाटामुळे अंधुक अभ्रिका व दीर्घिका पाहण्यासाठी आता दूरच्या काळोख्या जागी जावे लागते. चंद्र, ग्रह व तेजस्वी युग्मतारे यांच्या दर्शनाला या झगमगाटाची बाधा जवळजवळ होत नाही. त्यामुळे ट्रेप्टोच्या उद्यानात, लक्षावधी दिव्यांच्या बर्लिन शहरात, २१ मी. लांबीच्या त्या नळीतून शनी १८९६ मध्ये जसा दिसला असेल जवळपास तसाच आजही दिसतो.